हरिश्चंद्रगडावर १४ जण, दोन रात्री: शेकोटी, भांडी आणि शौचाची सोय

कातळफूल
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही १४ जण पायथ्याच्या पाचनई गावातून हरिश्चंद्रगडावर दोन रात्री मुक्कामाला जाणार आहोत. सहा जण डोंगरात पहिल्यांदाच येतायत. प्लास्टिक परत आणणं, गोंगाट न करणं याबद्दल कुणाचं दुमत नाही. अडलंय ते पुढच्या गोष्टींत:

१. थंडीत छोटी शेकोटी, तीही उघड्या कातळावर केली तर चालेल का? नाहीतर स्टोव्हला गॅस किती लागेल?
२. ताटं कुठली न्यावीत? उसाच्या चोथ्याची ताटं कुजतात म्हणे, मग ती वरच पुरली तर?
३. शौचाचं काय? कोकणकड्याकडे, म्हणजे गडाच्या उभ्या कड्याच्या बाजूला, सगळा खडकच आहे.

वाटाड्या
आधी परवानगी. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वर तंबू लावू देतायत का, कुठे आणि किती, हे निघायच्या आठवड्यात वनखात्याकडे आणि पाचनईत विचारून घ्या. नाही म्हणाले तर वाद न घालता गावातच मुक्काम करा आणि पहाटे चढा. ही वाट दोन-तीन तासांची आहे, काही बिघडत नाही.

शेकोटी नको. छोटीही नको. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार मनाई आहे. डिसेंबरात वरचं गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं आणि कड्यावरून वर येणारा वारा ठिणगी कुठे नेऊन टाकेल याचा नेम नाही. कातळावर केली म्हणून सुटका होत नाही: तापलेल्या बसाल्ट खडकाचे पापुद्रे सुटतात, काजळी कित्येक पावसाळे धुऊन निघत नाही, आणि तो काळा डाग बघून पुढचा गट तिथेच जाळ करतो. शिवाय लाकूड आणणार कुठून? पडलेल्या ओंडक्यात किडे, विंचू, बुरशी यांचं घर असतं.

थंडी खालून लागते. म्हणून पैसे जाड स्लीपिंग मॅटवर घाला. झोपताना स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी ठेवा. बाटली एकेरी पत्र्याची हवी. थर्मास बाहेरून गरम होत नाही.

गॅसचा हिशेब: वारा नसेल तर एक लिटर पाणी उकळायला साधारण १२-१५ ग्रॅम लागतो, गडावर २० धरा. चहा माणशी १५० मिली म्हणजे एका वेळचा २ लिटर, ४० ग्रॅम. चार वेळा चहा, १६० ग्रॅम. खिचडीला तांदूळ-डाळ मिळून १२०० ग्रॅम, अर्धा तास भिजवलेली. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, म्हणून पाच लिटरचे दोन कुकर. एका रात्रीचा १०० ग्रॅम धरा. दोन रात्रींची खिचडी आणि चहा मिळून ३६० होतात. २३० ग्रॅमचे तीन डबे न्या. नुसत्या चहा-खिचडीला दोनात भागेल, पण बाटल्यांचं गरम पाणी यात धरलेलं नाही, आणि वाऱ्यात, थंडीत हिशेब चुकतो.

चुकतं कुठे, तेही सांगतो. निव्वळ ब्यूटेनचा स्वस्त डबा थंडीत दाब धरत नाही, वापरता वापरता अजून गार होतो आणि ज्योत बसते. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि डबा रात्री पांघरुणात ठेवा. वाऱ्याला आडोसा करताना डब्याला चहूबाजूंनी वेढू नका, तापून फुटू शकतो. आणि डब्यावर बसणाऱ्या बर्नरवर पाच लिटरचा कुकर ठेवला की तो कलंडतो. नळीचा, जमिनीवर पसरून बसणारा बर्नर हवा.

पाणवठा
ताटांबद्दल: चोथ्याची ताटं कुजतात ती ओल, ऊब आणि जिवंत माती असलेल्या खड्ड्यात. डिसेंबरात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, यातलं काहीच नसतं. पुरलेली ताटं तेला-मिठाच्या वासाने जनावरं उकरतात आणि महिन्याभराने ती वाऱ्यावर फिरत असतात. पळसाच्या पत्रावळीचंही तेच. स्टीलची एक ताटली, एक पेला, एक चमचा, प्रत्येकाने आपापलं.

धुण्याची पद्धत पक्की ठरवा, कारण खरी नासाडी तिथेच होते. गडावरची कातळात खोदलेली टाकी आणि मंदिराजवळची पुष्करिणी (बांधीव तळं) म्हणजे वाहतं पाणी नव्हे. पावसाळ्यात साठलं तेवढंच, तेच पुढच्या पावसापर्यंत सगळ्यांना पुरवायचं. त्यात एकदा तेलकट पातेलं बुडवलं की तवंग महिनोन् महिने राहतो. म्हणून:

ताटली भाकरीच्या तुकड्याने पुसून तो खाऊन टाका. मग चिमूटभर बेसन भुरभुरून बोटाने चोळा, तेल त्यात उतरतं. ते कोरडंच कचऱ्याच्या पिशवीत झटका. शेवटी पाव पेला पाण्याने विसळा. कुकरमध्ये पेलाभर पाणी घालून उकळी आणली की तळ सुटतो. हे पाणी फडक्यातून गाळा, शितं पिशवीत टाका आणि पाणी टाक्यापासून ६० मीटर, म्हणजे ८० पावलं लांब, टाक्याकडे उतार नसलेल्या बाजूला फेकून पसरवा. एका जागी ओतलं तर तिथे मुंग्या आणि उंदीर जमतात.

‘नैसर्गिक’ म्हणून रिठा नेणाऱ्यांसाठी: रिठ्यातलं फेस आणणारं द्रव्य, सॅपोनिन, माशांना मारक असतं. कुठलाही साबण, रिठा धरून, टाक्यात किंवा काठावर नको. सनस्क्रीन किंवा डास पळवायचं मलम लावलेले हातही थेट पाण्यात घालू नका, भांड्याने पाणी काढून घ्या.

गवळवाट
तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहिते.

१४ माणसं, दोन सकाळी, म्हणजे २८ खड्डे. प्रत्येक खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल आणि पाण्यापासून ६० मीटर लांब. सड्यावर माती बोटभर असते, तिथे हे जमणारच नाही. दगडाखाली झाकून ठेवणं तर सगळ्यांत वाईट. ते कुजत नाही, वाळतं, आणि पहिल्या पावसाला टाक्यात उतरतं.

म्हणून खड्डे मंदिरामागच्या झाडीत, जिथे पालापाचोळ्याखाली काळी माती आहे, तिथेच. पाण्याच्या वाटा आणि पायवाटा सोडून. गटाचा एकच मोठा चर नको, आतला भाग नीट कुजत नाही. प्रत्येकाचा वेगळा खड्डा, एकमेकांपासून लांब. हातखुरपं दोन न्या. आपण पाणी वापरतो हे सोयीचंच आहे: अर्धा लिटरची बाटली घेऊन खड्ड्यावरच धुवा, कागद लागत नाही. काडीने थोडी माती आत ढवळून मग बुजवा, लवकर कुजतं. वेट वाइप्समध्ये बऱ्याचदा प्लास्टिकचे धागे असतात, ते पुरायचे नाहीत. सॅनिटरी पॅडही नाही. त्यासाठी घट्ट झाकणाचा अपारदर्शक डबा, तळाशी दोन मुठी राख. नव्या मुलींना हे निघायच्या आधीच शांतपणे सांगा, वर गेल्यावर विचारायला संकोच वाटतो.

वाटाड्या, तंबूंच्या जागेबद्दलही लिहा ना.

वाटाड्या
हो, राहिलंच. आधीच तुडवून कडक झालेली माती निवडा, गवताची नवी जागा नको. भोवती चर खणू नका, डिसेंबरात गरज नाही आणि पावसात तिथूनच माती वाहायला लागते. कातळावर खुंट्या बसत नाहीत, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. दगड उचलताना हात खाली घालू नका, बूट लावून आधी कलता करा, खाली विंचू असतो. निघताना प्रत्येक दगड होता तिथे, होता त्याच बाजूवर ठेवा. कड्याच्या कडेजवळ तंबू नकोच, वारा तंबू माणसासकट ओढतो.

कातळफूल
सगळं टिपून घेतलं. शेवटचं एक: कचऱ्याची पिशवी पाचनईत ठेवली तर चालेल?

पाणवठा
नको. पायथ्याच्या गावात शहरासारखी रोजची कचरागाडी नसते, ठेवलेला कचरा बहुतेकदा जाळला जातो. घरी न्या. तो कमी करायचा तर पुडे घरीच फोडून सगळं डब्यात भरा. एका रात्रीचं जेवण गावातल्या घरी सांगा: पिठलं-भाकरी, ठेचा. गॅसचा एक डबा वाचतो आणि पैसे गावात राहतात. माणसांचा आकडा मात्र दोन दिवस आधी कळवा. १४ जणांच्या भाकऱ्या ऐनवेळी थापून होत नाहीत.