'सोर्स कोड'चा शेवट: त्या मास्तरचं काय झालं?

अजनीकर
(शेवट सांगतोय. पाहिला नसेल तर आधी पाहा.)
काल संध्याकाळी वर्ध्याहून येताना अजनीच्या पुढे गाडी आउटरवर उभी राहिली, आणि डंकन जोन्सचा 'सोर्स कोड' (२०११) डोक्यात पुन्हा सुरू झाला. शिकागोला निघालेल्या गाडीत बॉम्ब फुटून सगळे गेलेत. जायबंदी हेलिकॉप्टर पायलट स्टीव्हन्सला लष्कर त्यातल्या शॉन नावाच्या शिक्षकाच्या शेवटच्या ८ मिनिटांत पुन्हा पुन्हा पाठवतं, बॉम्ब ठेवणारा शोधायला. शेवटच्या फेरीत तो डब्यातल्या एका विनोदवीराला पैज लावून डबाभर लोकांना हसवायला लावतो, बाहेर गुडविन ही लष्करी अधिकारी त्याला जिवंत ठेवणारं यंत्र बंद करते आणि सगळे हसता हसता थिजतात. तिथेच संपायला हवं होतं. मी तिथे रडलो होतो. पुढे सगळं सुरळीत चालू राहतं, आणि त्या ८ मिनिटांचं मोलच जातं.

सदरची वाचक
मला अजिबात पटलं नाही. हा प्रयोग चालवणारा डॉ. रटलेज सांगतो की दिवा विझल्यावर उजेड क्षणभर रेंगाळतो, तशी मेलेल्या मेंदूत आठवण उरते. पण स्टीव्हन्स मधल्या स्टेशनवर उतरून व्हॅनची नंबरप्लेट पाहतो. शॉन तर गाडीतच होता! त्याने न पाहिलेला नंबर त्याच्या आठवणीत येईल कुठून? आणि त्याच नंबरावरून बाहेर आरोपी सापडतो. म्हणजे ते जग खरं होतं, हे आपल्याला मध्येच सांगून झालंय. शेवट त्याला धरूनच आहे.

गोंदिया पॅसेंजर
ताई, मग हिशोब अर्धाच काऊन? प्रत्येक फेरी खरी, तर प्रत्येक फेरीत तो डबा खरोखर उडाला. हा भलत्याच माणसाला मारत बसला, तेव्हाही.

सदरची वाचक
तो गेला नसता तरी ते मेलेच असते. त्याने कोणाला मारलं नाही.

अजनीकर
नंबरप्लेटचं मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याच हिशोबाने शॉनचं बघा. शेवटच्या जगात बॉम्ब फुटलाच नाही. सगळा डबा वाचला, गेला तो एकटा शॉन. त्याच्या अंगात शिरलेला दुसराच माणूस शॉनच्या ओळखीच्या सहप्रवासी ख्रिस्टिनाबरोबर शिकागोत फिरतोय आणि तिला त्याचा पत्ता नाही. सोमवारी त्याच्या वर्गावर कोण उभं राहणार? मीही शिक्षक आहे, वर्ध्याला रोज अपडाऊन करतो, म्हणून हे मला जास्त लागतं. चित्रपट त्याच्यासाठी एक क्षणही थांबत नाही.

सदरची वाचक
सर, ख्रिस्टिनाला सांगायला हवं होतं, हे मानते. शॉनचंही खरंच वाईट वाटतं. पण शेवट कापला तर गुडविनला आलेला तो संदेशही जातो. त्या जगात यंत्राला जोडलेला एक स्टीव्हन्स अजून पडून आहे, त्याला धीर द्या, असं हा तिला कळवतो. दुसरं कोण कळवणार होतं? मला शेवट हवाय तो तेवढ्यासाठी.