प्रति: पोरगं बोलतच नाही, मग थेरपी कसली?
वर एका ताईंनी लिहिलंय, मुलगा समुपदेशकासमोर तोंडच उघडत नाही, पैसे वाया. ताई, लहान पोरं खेळातून सांगतात. माझा खानापूरचा भाचा आजोबा गेल्यावर अंथरूण ओलं करायचा. बेळगावच्या समुपदेशक बाईंनी तीन खेपा त्याला नुसते मातीचे बैल करू दिले. चौथ्या खेपेला एक बैल डब्यात झाकून म्हणाला, "ह्यो आज्जा." कन्नडमधून विचारलं असतं तर हूं की चूं केलं नसतं, म्हणून भाषेचं आधी विचारा. जाणं जमत नसेल तर १४४१६, टेलि-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदतीचा सरकारी नंबर, चोवीस तास, फुकट. भाषाही निवडता येते. देवऋषीचा अंगारा लावायचा तर लावा (आमच्या अक्कानंही लावला), पण बाईंची तारीख चुकवू नका.