कुरुंदकर हवेत, पण नेमणार किती महिन्यांसाठी?

गोदाकाठ: "आजच्या पोरांत धमकच नाही, कुरुंदकरांसारखा एक मास्तर मिळाला की पिढी उभी राहील." काल कुणीतरी टाकलेलं हे वाक्य वाचल्यापासून डोकं फिरलंय. सहा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, मराठी शिकवतोय. विचारवंत-लेखक नरहर कुरुंदकर नांदेडला आधी शाळामास्तर होते, मग पीपल्स कॉलेजात आले, तिथेच प्राचार्य झाले. १९८२ साली गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती, पण पोरांना पक्कं ठाऊक होतं, सर पुढच्या वर्षीही इथेच भेटणार. माझी नेमणूक त्या-त्या वर्षापुरती. उन्हाळ्यात मानधन बंद, नंतर पुन्हा मुलाखत. एफवायच्या पोरानं मन मोकळं केलं, तरी तो एसवायला जाईल तेव्हा मी असेन का, मलाच माहीत नसतं.

जुना खडू: कारणं पुरे. मीही ३१ वर्षं शिकवलं. कुरुंदकर स्वतः इंटरला, म्हणजे तेव्हाच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, नापास झालेले, तरी रडत बसले नाहीत. पोरांशी बोलायला कायम नेमणूक कशाला लागते? कट्ट्यावर बसा, चहा पाजा.

गोदाकाठ: चहा पाजतोच, सर. तासाचे पैसे चार-चार महिने येत नाहीत, तेव्हा उधारीवर पाजतो. तुमच्या वेळी जागा निघायच्या. आता जागा निघाली की आधी आकडा विचारतात. मला एका संस्थेत तोंडावर विचारला. वडिलांची दोन एकर विकली असती तरी पुरलं नसतं.

जुना खडू: मी एक रुपया दिलेला नाही! सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

गोदाकाठ: तुम्ही दिला असं म्हटलं कुठे? पण शेजारच्या टेबलावरचा देऊन आला, तेव्हा तुमच्या पिढीतलं कोण बोललं?

पेठेतली खोली: तुमचं भांडण तुमच्यापाशी. मी पुण्यात चार वर्षं एमपीएससी केली. २०२३ ला परीक्षेचा नवा वर्णनात्मक पॅटर्न (पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरं लिहायची) पुढे ढकला म्हणून रस्त्यावरही बसलो. भाषणं ठोकणारे क्लासवाले पैशाला पासरी भेटले. उपयोगी पडले ते गावाकडचे एक सर. दिवाळीत घरी गेलो, तर त्यांनी वहीचं पान फाडून दोन रकाने आखले. एकात वय आणि उरलेले प्रयत्न, दुसऱ्यात घरचं कर्ज. म्हणाले, "अजून एकदा दे. मग दुसरं काम धर, मी सोबत येतो." आले. आज मी पतसंस्थेत आहे. ते पान पाकिटात ठेवलंय, घड्या पडून फाटायला आलंय.

जुना खडू: बघा, म्हणजे माणूस असला की होतं. हेच तर सांगतोय.

पेठेतली खोली: सर, तेही तासिकेवरच होते. पेढे घेऊन कॉलेजात गेलो, तर त्या वर्षी त्यांना घेतलंच नव्हतं. आता शेती बघतात.

जुना खडू: ...बरं. हे वाईट झालं. आम्ही स्टाफरूममध्ये गप्प बसलो, हेही मान्य करतो. पण गोदाकाठ, तेवढ्यावरून पोरांवरचा हात काढू नका.

गोदाकाठ: काढलेला नाही. उद्या साडेसातच्या तासाला सात जण येतील. त्यातली एक आठवडाभर गप्प आहे, तास संपला की तिच्याशी बोलायचंय. तुम्ही मात्र जुन्या संस्थेत एक पत्र टाका, उन्हाळ्याचं मानधन द्या म्हणून. तुमचं ऐकतील.

जुना खडू: मसुदा पाठवा. सही करतो.