मदत हवी आहे : ठशाच्या फुलांची शाई पसरायलीय, रविवारपर्यंत कार्डं हवीत

रानजाई (लातूर)
वहिनीच्या डोहाळजेवणाची आमंत्रणं घरीच करायला घेतलीत. ठशाने फुलं उमटवायची, कापायची, तीन थर एकावर एक लावून कार्डावर चिकटवायची. पण ठसा उचलला की पाकळ्यांच्या कडेने शाई कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरायलीय. गडद रंगाचा ठसा फिक्यावर नीट बसत नाही. आणि थर चिकटवले की फूल चपटं होतंय. रविवारी कार्डं वाटायला निघायचंय. व्हिडिओच्या लिंका देऊ नका, सगळे बघून झालेत. कुणी केलेलं असेल तर सांगा, लवकर.

कातरकाम
कागद कुठला? शाई कुठली? ठसा लाकडाच्या ठोकळ्यावरचा आहे की पारदर्शक? चिकटवता कशाने? एवढं कळलं की सांगते.

रानजाई
कागद चांगला जाड आहे ताई. शाई ठशाचीच.

बीडकर
ठसे सोडा हो. फुलाचा पंच मिळतो, लहान-मध्यम-मोठा. दाबलं की फूल बाहेर. कात्रीचं काम नाही, शाईची भानगड नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाची सगळी कार्डं मी पंचावर केली, एका रात्रीत. जाड कागद मात्र त्यात अडकतो, १६० जीएसएमच्या (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) वर जाऊ नका.

रानजाई
दादा, पंच नको. ठसे वहिनीने स्वतः निवडलेत, त्यावर पाकळीच्या शिरा आहेत. तेच पाहिजे.

जुनी टाचणी
बाळ, मजकूर नीट बघून घे आधी. आमच्याकडे एका कार्डावर वार एक आणि तारीख दुसरी छापली गेली होती, अर्ध्या बायका आदल्या दिवशी येऊन उभ्या. आणि सातवा महिना लागलाय ना? ओटीची वेळ ठळक लिही, जेवणाची वेगळी. परगावच्या बायकांना परतीची एसटी धरायची असते.

कातरकाम
काकू, मजकुराचं नंतर. रानजाई, 'जाड' म्हणजे किती? गुळगुळीत की खरबरीत? कागदावर पाण्याचा एक थेंब टाक आणि बघत बस. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर कागद शाई पेलतो. लगेच आत जिरून ओला डाग पसरला तर शाई पण तशीच पसरणार.

रानजाई
टाकला. लगेच जिरला, मागच्या बाजूनेही दिसायलाय. वेरूळहून येताना कागजीपुऱ्याला थांबलो होतो, तिथला पांढरा हातकागद आहे. शाई भावाच्या दुकानातल्या शिक्क्याच्या पॅडची, जांभळी. गुलाबी पॅड स्टेशनरीतून आणलंय. ठसे लाकडी ठोकळ्यावरचे. चिकटवायला पांढरा गम.

कातरकाम
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतंस तर कालच काम झालं असतं! हातकागदाला खळ कमी असेल तर त्याचे तंतू शाई ओढून घेतात. त्यात शिक्क्याच्या पॅडची शाई. पॅड लवकर वाळू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी घालतात, त्यामुळे ती कागदावरही बराच वेळ ओली राहते आणि सरकत जाते. माझं ऐक : हातकागद कार्डाच्या अंगाला ठेव, फुलं त्यावर उठवू नकोस. फुलांसाठी १६० ते २०० जीएसएमचा कार्ट्रेज पेपर घे, चित्रकलेच्या वहीचा चालेल. चकचकीत आयव्हरी शीट घेऊ नकोस, त्यावर शाई वाळत नाही, बोट लागलं की फासते.

गोदाकाठ (नांदेड)
फुलं वेगळ्या कागदावर केली तर कार्डाचा जीवच गेला. हातकागदालाच खळ द्या. तांदळाची पातळ पेज गाळून घ्यायची, रुंद ब्रशने एकच हात, सावलीत वाळवायचं आणि वह्यांखाली दाबून ठेवायचं. जुने कागदी, म्हणजे कागद करणारे, हेच करायचे. खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणून तर त्यावर बोरूने लिहिलेलं पसरत नसे.

कातरकाम
आणि पेजेच्या कागदाला कसर लागते, ते कोण सांगणार? ही कार्डं लोक कपाटात जपून ठेवतात. शिवाय ओला करून वाळवला की कागद लाटा मारतो. तिला रविवारपर्यंत पाहिजेत.

गोदाकाठ
चिमूटभर तुरटी घातली की कसर येत नाही. माझ्याकडे तशी कार्डं आहेत, अजून धड आहेत.

कातरकाम
तुरटीने कागद आम्लधर्मी होतो, पुढे पिवळा पडून तुटतो. तुमची कार्डं अजून काही वर्षांनी बघा.

मास्तर परभणी
कागजीपुऱ्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. १३२७ ला तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर तिकडे आले असं सांगतात. चिंध्यांचा लगदा हौदात कालवून चाळणीने उचललेला कागद असतो तो. यंत्राच्या कागदाचे तंतू एका दिशेने लोळतात, म्हणून आडवी घडी घातली की कड फुटते. हाताने उचललेल्या कागदात तंतू सगळीकडे सारखे विखुरतात, घडी कशीही घाला. तेव्हा कार्डाच्या अंगाला तोच कागद उत्तम. घडीच्या जागी रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढा आणि मग दुमडा.

बीडकर
मास्तर, घडीचं तिने विचारलंच नाही.

मास्तर परभणी
विचारलं नाही, पण कार्ड दुमडावं तर लागेलच ना.

रानजाई
कार्ट्रेज पेपर आणते. दुसऱ्या ठशाचं कुणीच बोललं नाही. लाकडाखालून काही दिसत नाही, अंदाजाने ठेवते आणि सरकतो.

कातरकाम
अंदाज लागतच नाही, त्याला कोपरा लागतो. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटव, तो तुझा कोपरा. त्यात पारदर्शक प्लॅस्टिकची शीट बसव आणि गडद ठशाचा ठोकळा कोपऱ्याला टेकवून शीटवर उठव. आता ठसा नेमका कुठे पडतो ते तुला दिसतं. फिकं फूल उठवलेला कागद शीटखाली सरकव, जुळला की कागदाला टेप लाव, शीट अलगद काढ आणि ठोकळा पुन्हा त्याच कोपऱ्यात टेकवून दाब. सरळ खाली, डुलवायचं नाही. आधी फिका रंग, मग मधला, मध्यावरचा गडद शेवटी. एवढ्या उन्हात पॅड उघडं ठेवू नकोस, ठसा उचलला की झाकण.

वाफा
गोदाकाठ, खळ द्यायला मैदा चालतो का? मला राखीच्या कार्डांसाठी विचारायचंय.

गोदाकाठ
नवीन धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

जुनी टाचणी
फूल चपटं होतंय, त्याचं मी सांगते. आम्ही रुखवतात कागदाची फुलं केलेली आहेत. कापलेलं फूल पालथं घालून चार पदरी टॉवेलवर ठेव. चमच्याच्या पाठीने पाकळीच्या टोकाकडून मध्याकडे दाबत ओढ, पाकळी आपोआप वर वळते. मग सुलटं करून मधोमध बोटाने दाब. गम फक्त मधल्या ठिपक्याला, काडेपेटीच्या काडीने. पाकळीखाली गम गेला की कागद भिजतो आणि लोळतो, तुझं तेच झालंय. वरचा थर थोडा फिरवून लाव, म्हणजे खालच्या पाकळ्या फटीतून दिसतात.

बीडकर
मधे फोम टेपचा तुकडा टाका, उंची येते. गमची गरजच नाही.

कातरकाम
खालच्या दोन थरांत टेप नको, फूल डुगडुगतं. सगळ्यात वरच्याला चालेल.

रानजाई
कार्ट्रेज पेपरवर शाई अजिबात पसरली नाही, शिरा एकेक मोजून घ्याव्यात अशा आल्यात. पुठ्ठ्याचा कोपरा केला, सुरुवातीला केसभर सरकलं, ठोकळ्याच्या कडेला पेनने खूण केल्यावर बसायला लागलं. टाचणी काकू, चमच्याने पाकळ्या इतक्या छान उठल्या की वहिनी हातातून फूल खाली ठेवेना. आता ती म्हणतीय प्रत्येक कार्डावर दोन फुलं पाहिजेत. पण पाकिटात घातलं की वरचा थर दबतो, त्याचं काय?

मास्तर परभणी
लग्नपत्रिकेचं पाकीट घेऊ नका. हातकागदाचंच पाकीट करा, दोन्ही बाजूंना अर्ध्या सेंटिमीटरची उभी घडी ठेवून, पिशवीला असते तशी. आत फुलाच्या जागी गोल कापलेला पातळ पुठ्ठा ठेवा.

जुनी टाचणी
हातोहात द्यायचीत तर पाकीट कशाला? आमंत्रण हळदीकुंकवासोबत ताटात नेतात. वार आणि तारीख जुळवून घेतलीस का?