मदत हवी आहे: बरक्या फणसाच्या रसाचा ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ

नमस्कार.

कुडाळजवळच्या आमच्या घराच्या परसात बरक्या (मऊ, रसाळ गऱ्यांच्या) फणसाचे जुने झाड आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात त्याचे फणस एकापाठोपाठ एक असे पिकतात, की गरे खाऊन, शेजारीपाजारी वाटून आणि सांदणे करूनही रस उरतोच. फणसपोळी घालायची, तर सलग कडक ऊन लागते. एकदा वळीव सुरू झाला, की ताटे आत-बाहेर करण्यातच दिवस जातो आणि पोळीला बुरशी येण्याची भीती राहते. म्हणून या रसाचा ओव्हनमध्ये भाजलेला, लहानथोर सगळ्यांना रुचेल असा साधा गोड पदार्थ करावा, असे मनात आहे. घरात अंडे चालत नाही आणि मैदाही शक्यतो नको आहे.

माझ्या डोळ्यांसमोर नमुना आहे तो तवसोळीचा. जून तवशाचा (पिकलेल्या मोठ्या काकडीचा) कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे जाड बुडाच्या पातेल्यात घालून, खाली मंद निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवून ती भाजतात. वरून-खालून आच देण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे आणि ओव्हन नेमके तेच काम करतो. तेव्हा तवशाच्या जागी फणसाचा रस का चालू नये?

सध्या मी दोन वाट्या रस, दोन वाट्या रवा, एक वाटी गूळ आणि अर्धी वाटी खोबरे हे प्रमाण घेऊन 180 अंशांवर भाजते. वरचा थर छान तांबूस होतो, कडा भांड्यापासून सुटतात, वासही घरभर दरवळतो. पण मध्यभागी सुरी खुपसली, की पात्याला ओला, चिकट लगदा लागून येतो आणि दाताखाली रवा मात्र कचकचतो. अधिक वेळ ठेवावे, तर कडा कडक होतात. रस आधी आटवून घेतला, तर हा ओलेपणा जाईल का? सोडा घालणे आवश्यक आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद:

ताई, रस मुळीच आटवू नका. मधला भाग ओला दिसत असला, तरी रवा कचकचतो याचा अर्थ त्याला शिजण्यापुरते पाणी मिळालेले नाही. त्यातच फणसाची आणि गुळाची साखर एकत्र आली, की तांदळातील पिष्ट फुलून शिजायला अधिक उष्णता लागते. रस आटवल्यास पाणी आणखी कमी होऊन अडचण वाढेल. तवसोळी करतानाही अनेक घरांत रवा तवशाच्या किसात आधी शिजवून घेतात, तो याचसाठी.

दोन वाट्या रसाला एकच वाटी रवा घ्यावा. रस चाळणीवर घासून त्यातले तंतू काढावेत. रवा तुपावर मंद आचेवर भाजून, त्यात रस आणि एक वाटी नारळाचे दूध घालून, झाकण ठेवून तो बोटाने सहज चुरडेपर्यंत शिजवावा आणि मगच गूळ घालावा; गूळ आधी पडला, तर रवा मऊ होण्यास फार वेळ लागतो. फणस स्वतःच गोड असल्याने अर्धी वाटी गूळ पुरतो. चिमूटभर मीठ मात्र अवश्य घालावे, त्याने फणसाची चव उठून येते.

हळदीची पाने मेमध्ये क्वचितच मिळतात, म्हणून भांड्याला केळीचे पान लावावे. मिश्रण दोन बोटांपेक्षा जाड थापू नये आणि वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू ठेवून 180 अंशांवर सुमारे 40 मिनिटे भाजावे. सोड्याची गरज नाही, कारण हा पदार्थ फुगवायचा नसून घट्ट बसवायचा आहे. गरम असताना तो मऊच लागेल. पूर्ण निवल्यावर तांदूळ आळतो आणि वड्या स्वच्छ सुटतात, त्यामुळे संध्याकाळी भाजून सकाळी कापणे उत्तम.