गेममध्ये अडकलो आहोत (खरोखर). फासे कोण टाकतंय ते कळत नाही. मदत हवी.

जादूगार जीएसटीवाली
१७ तारीख, सकाळी ११:०५

आधीच सांगते, ही कथा नाही. "डॉक्टरला दाखवा" लिहिणाऱ्यांनी दुसरा धागा शोधावा.

रविवारी दुपारी आम्ही चौघं सदाशिव पेठेत मंदारच्या आजीकडे डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ) खेळायला बसलो. मंदार डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. मी जादूगार, सायली चोर, अभ्या पॅलाडिन, म्हणजे देवाचं नाव घेऊन मारामारी करणारा. यावेळचं भुयार मंदारने कात्रजच्या नळावर बेतलं होतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं होतं ना, तेच दगडी बांधकाम, मधे मधे हवेसाठी उच्छ्वास. कल्पना झकास होती. पावणेदोनला मी वीसतोंडी फासा टाकला, पडला १. मंदार म्हणाला, "तुझ्या पायाखालची फरशी सरकते." आणि सरकली. चौघांच्याही पायाखालची, खुर्च्यांसकट.

(खुर्च्या आजीच्या लग्नातल्या आहेत. तो विषय नंतर.)

शुद्धीवर आलो तेव्हा एका चौकोनी दालनात होतो. अंगावर आपापल्या पात्रांचे कपडे. मंदारला स्वतःचं पात्रच नसल्यामुळे तो धर्मशाळेचा मालक झालाय, हिट पॉइंट, म्हणजे जीव, फक्त चार. काल अभ्याला शिंक आली तर हा भिंतीला चिकटून उभा. फोन माझ्या मंत्रांच्या बटव्यात निघाला. रेंज फक्त एका उच्छ्वासाखाली येते, बॅटरी ३४ टक्के.

आता मुद्दा. फासे वर टेबलावर राहिले. डीएम खाली आमच्यासोबत. मग वार लागला की चुकला हे ठरवतंय कोण? मी अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे नोंदी ठेवल्या आहेत:

दुपारी एक ते चार काहीही होत नाही. काल १२:५८ ला एका गॉब्लिनने (खेळातला बुटका राक्षस) कोयता उगारला आणि तसाच पुतळ्यासारखा उभा राहिला. अभ्याने त्याच्या हातावर पंचा वाळत घातला. चारला कोयता खाली आला, पंच्यासकट.

चार ते साडेसहा नुसती धुमाळी. सकाळीही थोडं होतं, साधारण साडेअकराला, वरण फोडणीला टाकल्याचा वास येऊन गेल्यावर.

आपल्या मर्जीने फार चालता येत नाही. पाय आपोआप चालायला लागतात, सात फरश्या म्हणजे सातच, आणि थांबतात. मानगुटीला धरून कोणीतरी उचलून ठेवल्यासारखं वाटतं. त्याआधी बांगड्या वाजतात.

कोणी एकदम लांब गेलं की त्याला लगेच आणखी एक संधी मिळते.

सायली काल मेली. म्हणजे गॉब्लिन तिच्या फरशीवर आला आणि ती गायब. आम्ही रडारड केली, अभ्याने प्रार्थना म्हटली, तेवढ्यात ती मागून चालत आली. पहिल्या दालनात उठली होती, ठणठणीत, आणि अतिशय चिडलेली.

काही फरश्यांवर फुली कोरली आहे. तिथे उभं राहिलं की गॉब्लिन शेजारून जातात, हात लावत नाहीत. हे मी फुलीवरूनच लिहितेय.

आणि वाटेत एक जिलेटिनस क्यूब होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाट अडवून सरकत येणारा दहा फुटी जेलीचा ठोकळा, माणसं विरघळवतो. हा सरकत नव्हता. नुसता थरथरत बसला होता, पांढरट, वेलदोड्याचा वास. काल ५:२० ला वरचा अर्धा कोपरा नाहीसा झाला. पाच मिनिटांनी उरलेला.

प्रश्न दोन. फासे कोण टाकतंय? बाहेर कसं पडायचं? २० तारखेला सात क्लायंटचं थ्री-बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायचं आहे, त्यामुळे जरा लवकर.

नियमाप्रमाणे
११:३१

डीअँडडीच्या नियमांची आवृत्ती कुठली ते लिहिलेलं नाही. २०१४ ची पाचवी असेल तर फाशावर वीस पडल्यास जास्तीची चाल मिळत नाही, इजेचे फासे दुप्पट होतात. मेल्यावर पहिल्या दालनात उठणं हेही नियमात नाही. त्यासाठी डेथ सेव्ह असतात, तीन यशस्वी किंवा तीन अयशस्वी. आणि १९७४ च्या मूळ पुस्तिकांची म्हणाल, तर खेळाचे जनक गायगॅक्स आणि अर्नेसन यांनी पात्रांचे वर्ग तीनच दिले होते: लढवय्या, जादूगार, धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी पुरवणीत आला. ते नियम लागू असतील तर तुमची सायली मुळात असूच शकत नाही.

जादूगार जीएसटीवाली
११:४०

सायलीला वाचून दाखवलं. तिने तुमचा पत्ता विचारलाय.

पर्वतीपायथा
११:५२

पुण्यात एक ते चार काही होत नाही, यात विचारण्यासारखं काय आहे? राक्षस झाले तरी पेठेतलेच ना.

नारायणपेठची आक्का
१२:१५

पर्वतीपायथा, चेष्टेत का होईना, बरोबर बोललास.

मुली, तुमचा तो इंग्रजी खेळ मला कळत नाही, पण तू लिहिलेलं दोनदा वाचलं. मला एवढंच सांग: दालनातून निघाल्यावर वळण किती फरश्यांनी येतं?

जादूगार जीएसटीवाली
१२:३८

वहीत बघून सांगते. दालनातून सरळ आठ. मग टोक, तिथे वाट तीन फरश्या रुंद. बाजूला वळून परत आत आठ. आतला कोपरा. मग पुन्हा बाहेर आठ. आम्हाला वाटलं मंदारने नकाशा कॉपी-पेस्ट केलाय. तो म्हणतो, "मी असं काढलंच नव्हतं."

नारायणपेठची आक्का
१२:५१

काढलं नसेलच त्याने. बाळांनो, तुम्ही पटावर आहात. चार पट्ट्या, प्रत्येक पट्टी तीन घरं रुंद आणि आठ लांब, मधे चौकोनी घर. कवड्यांनी खेळला तर पचिशी, लांबट पाशांनी खेळला तर सारीपाट, पट तोच. आमच्या घरी दोन्हींचे नियम मिसळून खेळायचे, तुमच्याकडेही तसंच चाललेलं दिसतंय. फुलीच्या घरात मारता येत नाही. मोठं दान पडलं की पुन्हा दान. मारलेली सोंगटी मधल्या घरात परत जाते, मरत नाही. सायलीचं तेच झालं.

माणसं सोंगट्या होण्याचंही नवल नको. फतेहपूर सिक्रीला अंगणातल्या फरशीतच पट आखलेला आहे. अकबर दासींना उभं करून खेळायचा असं सांगतात. तुम्ही फक्त विनापगारी आहात.

आता विचारा त्या मंदारला, त्याच्या आजीच्या कवड्या कुठे आहेत.

जादूगार जीएसटीवाली
१२:५७

विचारलं. आधी म्हणाला "कुठल्या कवड्या". मग गप्प बसला. मग म्हणाला, दिवाळीत त्याने त्या मिमिकसाठी घेतल्या. मिमिक म्हणजे पेटीचं सोंग घेतलेला राक्षस. कवड्या त्याला दात म्हणून छान दिसत होत्या. आजीला सांगितलं नाही.

म्हणजे आजीने टेबल आवरलं, कवड्या नाहीत म्हणून आमचा फासा घेतला, आणि सोंगट्या म्हणून…

गॉब्लिन थांबला. एक वाजला वाटतं.

पर्वतीपायथा
१:०३

आजी अडीच दिवस तुमच्याशी खेळतेय आणि नातू कुठे गेला म्हणून विचारत नाही?

नारायणपेठची आक्का
१:१०

मी पाच मिनिटांवर राहते. पत्ता मला निरोपात पाठव. चारला जाते. आत्ता जाऊन उपयोग नाही, त्या वाड्याची पाटी मला माहीत आहे: "१ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही. उघडल्यास बोलले जाणार नाही."

नियमाप्रमाणे
१:२६

माहितीसाठी: याच पटावरून इंग्लंडमध्ये ल्यूडो निघाला, १८९६ चं पेटंट. तेव्हा तुम्ही तांत्रिकदृष्ट्या ल्यूडोत अडकला आहात असंही म्हणता येईल.

जादूगार जीएसटीवाली
१:२९

अभ्याला हे सांगितलं नाही. तो अजून तलवारीला धार लावतोय.

नारायणपेठची आक्का
४:४०

त्यांच्याच घरातून लिहितेय, चहा झाला. वृत्तांत असा. खिडकीजवळ पट अंथरलाय, जुना, मखमलीचा, कडेला जरीचं काम. त्यावर तुमची रंगवलेली बोटभर बाहुली. आजींच्या चार: टोपीवाली, सुरीवाली, ढालवाला आणि फेटेवाला पोटसुट्या. समोरच्या काकूंच्या चार हिरव्या, दात विचकणाऱ्या. जेलीचा ठोकळा म्हणजे काकूंनी आणलेला खरवस. पटावर बशी नको म्हणून नुसता ठेवला होता. काल संपवला.

आजींना सगळं नीट सांगितलं. विश्वास बसायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "तरीच तो पोटसुट्या उचलला की 'आई गं' असं ऐकू यायचं." नातू ट्रेकला गेलाय असं त्या समजून होत्या.

सुटका अशी: चौघांनी पूर्ण फेरी मारून मधल्या घरात पिकायचं. जिथून निघालात तिथेच. पण आत जायला नेमकं दान लागतं, एकही जास्त चालत नाही.

अडचण काकूंची. त्यांना म्हटलं, तुम्ही दोन दिवस मारू नका. म्हणाल्या, "खेळ म्हणजे खेळ. प्रत्यक्ष खंडोबा म्हाळसेशी सारीपाट हरला, तर बाणाईच्या मेंढ्या राखायला गेला. मग यांचं काय एवढं." वर त्या पहिल्या डावात हरल्यात, त्याचा राग वेगळाच.

तेव्हा आजी आता जोडीने चालवणार आहेत. एका घरात दोन असल्या की जुग, ते मारता येत नाही. जुग फुटलं की नरद, म्हणजे सोंगटी, मेली. दोघं दोघं चिकटून राहा. भांडायचं असेल तर चिकटून भांडा.

जादूगार जीएसटीवाली
५:५५

मी बाहेर आले. मंदारच्या लॅपटॉपवरून लिहितेय.

काय झालं ते थोडक्यात सांगणं अवघड आहे. सायली आणि अभ्या एका फरशीवर, मी आणि मंदार एका. फरशी एका माणसाची. मंदारच्या पोटाचा विचार करा. तीन गॉब्लिन आमच्या नाकासमोर येऊन थांबले आणि आमच्याकडे काकूंच्या नजरेने बघत परत फिरले. वरून आवाज येत होते, पूर्वी नुसता गडगडाट वाटायचा, आता शब्द कळत होते: "अगं चौदा, चौदा, मोज नीट." मग शेवटच्या पट्टीवर सायलीला नेमके पाच पडले. ती उजेडात वर गेली, अलगद, चिमटीत धरल्यासारखी. अभ्याला दोन दानांनी. तो जाताना युद्धघोष करत होता, इथे वर तो फक्त उचकी लागल्यासारखा ऐकू आला. मग मी.

पटावरून सतरंजीवर पडले. काकू म्हणाल्या, "ही टोपीवाली होय. बरीच बारीक आहे."

फोन मंदारकडे ठेवून आले. तो घराच्या दारात उभा आहे, एक फरशी अलीकडे. त्याला नेमका १ हवा. वीसतोंडी फाशावर.

नियमाप्रमाणे
६:०१

एका दानात ५ टक्के. चौदा दानं टाकली तर शक्यता ५१ टक्क्यांच्या आसपास. आयुष्यभर १ पडू नये म्हणून आपण प्रार्थना करतो, आणि आता पाहा.

जादूगार जीएसटीवाली
६:२२

अकरा झाली. ७, १९, २०, त्यावर पुन्हा १२, मग ३… आजी फासा फुंकतेय, पदराला पुसतेय. काकू आता आमच्या बाजूने आहेत, त्यांच्या सगळ्या हिरव्या पिकल्या. साडेसहाला त्या कुकर लावायला जातात आणि आजी एकटी खेळत नाही.

जादूगार जीएसटीवाली
६:२४

मंदार लिहितोय (फोनवरून). बॅटरी ४ टक्के. आजी, कवड्या माझ्या काळ्या बॅगेत आहेत, मिमिकच्या तोंडात. गोंदाने चिकटवल्यात पण निघतील. विचारायला हवं होतं. सॉरी.

जादूगार जीएसटीवाली
६:३१

आजीला वाचून दाखवलं. तिने चष्मा काढला, बॅग मागवली, मिमिकचा जबडा उघडून कवड्या मोजल्या. सहा. मग म्हणाली, "एक शेवटचं," आणि टाकला.

१.

मंदार पटाच्या मधोमध, फेट्यासकट, मांडी घालून. आजीने त्याला आधी पाणी दिलं आणि मग खुर्च्या कुठे आहेत विचारलं.

खुर्च्या अजून खालीच आहेत, त्या पहिल्या दालनात. चार, सागवानी. निर्जीव वस्तू पटावरून परत आणण्याचा कोणाला अनुभव आहे का? की वेगळा धागा काढू?