आत डोकावलं की भीती वाढते, काय चुकतंय?

परिस्थिती बिकट आहे. रात्री शांत बसून स्वतःच्या मनाकडे पाहायचा प्रयत्न केला की भीती उलट वाढते. असं का?

उत्तर १: वेळ आणि प्रश्न, दोन्ही बदला. अंथरुणात नको, संध्याकाळी १५ मिनिटं, गजर लावून. ‘असं का होतंय?’ या प्रश्नाला तळ नसतो, मन घाण्याला जुंपल्यासारखं फिरत राहतं. कागदावर एकच वाक्य पूर्ण करा: ‘मला भीती आहे की...’ ‘सगळं बिघडेल’ हे अजून धूसर आहे. ‘पुढच्या महिन्यात काम जाईल’ इथपर्यंत आणा. मग मधोमध रेघ मारा, डावीकडे हातातलं, उजवीकडे हाताबाहेरचं. डावीकडच्या एकाच गोष्टीला उद्याची वेळ द्या. फक्त एकाच!

उत्तर २: त्याआधी शरीर निवू द्या. छाती धडधडत असताना लिहिलेलं सगळं टोकाचंच उतरतं. ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, ५ मिनिटं. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. चक्कर आली तर श्वास फार खोल जातोय, हलका करा.

उत्तर ३: डोळे मिटून घाबरं होत असेल तर उघडे ठेवा, तळपाय जमिनीला टेकवा. झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर मात्र एकट्याने झुंजू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा.